आईचा पालक

आई : किल्ल्या टेबलावर ठेव. हातात नको देऊस, सत्कार केल्यासारख्या.

मुलगा : ठेवल्या. ही शटरची, ही आतल्या कपाटाची. शटरचं कुलूप नवीन आहे.

आई : दिसलं मला. माझ्या कुलपाला काय झालं होतं?

मुलगा : त्याची एक किल्ली बाहेर होती.

आई : बाहेर नव्हती, लेथवाल्यांकडे होती. मीच दिली होती. मी बाजारात गेले आणि ते शिलाई मशीनचे पार्ट घेऊन आले, तर उन्हात उभं राहायला नको म्हणून.

वकीलबाई : मावशी, आधी बसा. सकाळपासून दगदग झालीय.

आई : बसूनच तर होते, वकीलबाई. डोक्यातली नस फुटली, उजवा हात गेला, वाचा गेली, तेव्हापासून बसलेलीच आहे. या साहेबांनी कोर्टातून कागद आणला की आईला स्वतःचं काही कळत नाही, आता मी तिचा पालक. मी याला जन्म दिला आणि हा माझा पालक. माझं जेवण कधी, माझी झोप कधी, माझ्याकडे कोण येणार, सगळं हा ठरवणार.

मुलगा : कोणीतरी ठरवायलाच हवं होतं. तुला पाणी मागता येत नव्हतं, आई. डॉक्टर विचारायचे सही कोण करणार, आणि तू भिंतीकडे बघत बसायचीस. मी काय करायला हवं होतं?

आई : त्याबद्दल बोलतेय का मी? आज जजनी विचारलं तेव्हाही सांगितलं, सुरुवातीला मला खरंच काही येत नव्हतं, मुलानं केलं ते ठीक केलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी बाजू मी मांडली, तू नाही मांडलीस माझी.

मुलगा : मी आडवा आलो का? एका शब्दानं तरी? जज म्हणाले पालकत्व रद्द, मी म्हटलं ठीक आहे. आता ते संपलं. तुझं दुकान, तुझ्या किल्ल्या, तू. मी जातो शाळेत, माझी बैठक आहे.

आई : थांब की. हेडमास्तर एक दिवस नसले तर शाळा काही पळून जात नाही. वकीलबाई, तुमचा फोन द्या जरा. लेथवाल्यांना सांगते, संध्याकाळी या म्हणून.

वकीलबाई : मावशी, फोन करू नका.

आई : का? कामात असतील तर उचलणार नाहीत, एवढंच.

वकीलबाई : त्यांनी उचलला तर तेच अडकतील. मी हे तुम्हाला कोर्टातच सांगायला हवं होतं. पण तुम्ही पायऱ्या उतरताना हसत होतात, माझी जीभ रेटेना. त्यांच्यावरची बंदी अजून आहे.

आई : म्हणजे काय? रद्द झालं ना आत्ता? माझ्यासमोर सही केली जजनी.

वकीलबाई : रद्द झालं ते पालकत्व. आजपासून हे तुमचे पालक नाहीत. पण बंदीचा हुकूम वेगळा आहे, वेगळ्या अर्जावर निघालेला. लेथवाल्यांनी तुमच्या गल्लीत यायचं नाही, तुम्हाला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही. तो अर्ज यांनी पालक म्हणून केला होता.

आई : पालकच राहिला नाही तर त्याचा अर्ज कसा राहतो? झाड तोडलं आणि फांदी लोंबकळतेय, असं असतं का कुठे?

वकीलबाई : कायद्यात असतं, मावशी. अधिकार काढून घेतला म्हणजे पुढचं थांबतं. मागे त्या अधिकारानं जे केलं, ते आपोआप पुसलं जात नाही. आणि ते एका अर्थी बरंही आहे. नाहीतर तुमच्या ऑपरेशनला यांनी संमती दिली, तीही उद्या कोणी रद्द म्हणेल, आणि डॉक्टर गोत्यात येतील.

आई : ऑपरेशनचं मला सांगू नका. डोकं उघडलं, बरं झालं, आभार. मी माणसाचं विचारतेय. ज्यानं बंदी घातली त्याचा हक्क गेला आणि बंदी मात्र ठाण मांडून बसली? मग आज सकाळपासून आपण काय मिळवलं?

वकीलबाई : तुम्ही स्वतःच्या सहीनं काहीही करू शकता, हे मिळवलं.

आई : डाव्या हाताची सही. आणि त्या सहीनं एका माणसाला चहाला बोलवता येत नाही.

मुलगा : मॅडम, हे मला खरंच माहीत नव्हतं. मलाही वाटलं सगळं एकदमच गेलं.

आई : तुला वाटलं सुंठीवाचून खोकला गेला. किल्ल्या टाकायच्या आणि शाळेत जाऊन बसायचं.

मुलगा : तू प्रत्येक वाक्य टोचून बोलणार आहेस का?

आई : दीड वर्षाचं साठलंय. एका दुपारी संपायचं नाही.

वकीलबाई : मावशी, मार्ग आहेत. एक, तुम्ही स्वतः बंदी उठवायचा अर्ज करा. मग साक्षी, उलटतपासणी, तारखा. वर्ष जाईल, कदाचित दोन.

आई : ते माझ्याहून मोठे आहेत. दोन वर्षांनी कोण कोणाकडे येणार, काय माहीत. मीच गेले त्यांच्याकडे तर? बंदी त्यांना आहे, मला कुठे आहे?

वकीलबाई : तुम्हाला नाही. पण तुम्ही दारात गेलात आणि ते तुमच्याशी बोलले, तर हुकूम त्यांनी मोडला असं होतं.

आई : मग ते बोलणारच नाहीत. स्वतःच्या वर्कशॉपमधून उठून मागच्या दारानं निघून जातील. असला माणूस आहे तो. लाल दिवा लागला की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा उभा राहतो.

वकीलबाई : माहीत आहे. कागद द्यायला मी गेले होते त्यांच्याकडे. बाजार इथून चार पावलांवर, पण तुमची गल्ली मध्ये येते म्हणून ते पुलावरून वळसा घालून जातात. पिशव्या घेऊन, त्या गुडघ्यांनी. मी म्हटलं, अहो, गल्लीतून गेलात तर कोण बघतंय. तर म्हणाले, कोर्टानं सांगितलंय ना.

आई : ऐकलंस? तुझ्या सहीनं तो माणूस पूल चढतोय.

मुलगा : मी त्यांना पूल चढायला नव्हतं सांगितलं.

आई : ते तरी सांगायचं होतंस, तोंडावर. तोंडावर बोलायची हिंमत नाही, कोर्टाच्या आडून दगड मारायचा.

वकीलबाई : दुसरा मार्ग सोपा आहे. यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र द्यायचं की ज्या कारणासाठी बंदी मागितली ते कारण बरोबर नव्हतं, आणि अर्ज मागे घ्यायचा. अर्ज करणाराच असं म्हणाला की कोर्ट फार ताणत नाही. आठवड्याभरात उठेल.

मुलगा : मी अर्ज मागे घेतो. त्यात काय. लिहा, आता गरज नाही म्हणून मागे घेत आहे.

वकीलबाई : तेवढ्यानं भागायचं नाही. तुम्ही शपथेवर सांगितलं होतं की हा माणूस आला की आई घाबरते, रडते, तिची तब्येत बिघडते. कोर्ट विचारणार, मग आता घाबरत नाहीत कशावरून? ते कारणच खोडावं लागेल.

मुलगा : म्हणजे मी लिहून द्यायचं की मी शपथेवर चुकीचं बोललो? मॅडम, मी हेडमास्तर आहे. उद्या हे शाळेत कळलं तर मुलांच्या समोर उभा कसा राहू मी?

आई : मुलांचं काय घेऊन बसलास. आईसमोर उभा आहेस ना, त्याचं बघ.

मुलगा : आणि ते चुकीचं नव्हतंच. तू रडायचीस. शेजारच्या काकूंनी बघितलं, नर्सनी बघितलं. तो यायचा, तुझ्या डाव्या हातात काहीतरी लोखंडाचा तुकडा ठेवायचा, आणि तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अंग थरथरायचं. कोणीही म्हणालं असतं की ही बाई घाबरलीय.

आई : लोखंडाचा तुकडा. याच तुकड्यांवर तू शिकलास रे. शिलाई मशीनच्या बॉबिनची डबी होती ती. जुन्या मशीनचे पार्ट कंपनी करत नाही, ते लेथवर बनवून देतात, मी बसवते. इतकी वर्षं त्यांनी बनवलेली डबी मी कधी मापून घेतली नाही. बसवायची, हातानं चाक फिरवायचं, कान लावायचा, झालं. एकही परत पाठवली नाही. आणि मी आजारी पडल्यावर हा माणूस रोज एक डबी घेऊन यायचा, मुद्दाम चुकीची कापलेली.

वकीलबाई : मुद्दाम?

आई : मुद्दाम. एक सैल, एक घट्ट, एक वाकडी. माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, आज झकास जमलीय बघा, गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. अहो, माझ्या अंगाची लाही व्हायची. बोटाला कळायचं की ही भिकार आहे, आणि तोंडातून शब्द निघेना. मी रडत नव्हते, वकीलबाई, मी चिडत होते. शिवी हासडायला जीभ वळत नव्हती म्हणून डोळ्यांतून पाणी यायचं. ते माझ्यासमोर हसत बसायचे. डॉक्टर माझ्याशी गोड बोलायचे, नर्स गोड बोलायची, हा डोक्यावरून हात फिरवायचा. मला चिडवणारा तेवढा एकच होता.

मुलगा : हे मला कसं कळणार होतं? तू सांगू शकत नव्हतीस, त्यानं सांगितलं नाही.

आई : विचारलंस त्यांना? एकदा तरी? तू आलास की खुर्ची ओढून त्यांच्या आणि माझ्या मध्ये बसायचास.

मुलगा : हो, बसायचो. कारण बाबा गेल्यापासून तो त्या खुर्चीत बसतोय. लोक मला विचारायचे, तुमच्या आईकडे ते गृहस्थ कोण? मी काय सांगायचं होतं? पार्ट बनवतात? रोज पार्ट लागतो का?

आई : आता आलं खरं बाहेर. ताकाला जाऊन भांडं लपवत होतास इतका वेळ. माझी तब्येत नव्हती बिघडत, तुझी बिघडत होती.

मुलगा : बिघडत होती. ऐकायचंय का? मी शाळा अर्धी टाकून यायचो. तुला चमच्यानं भरवलं, तुझी लघवीची भांडी काढली, रात्री खुर्चीत झोपलो. आणि तू माझ्याकडे बघायची नाहीस. दगडासारखा चेहरा. तो दहा मिनिटं येणार, आणि तुझ्यात जीव येणार. माझ्यासमोर तू एकदाही रडली नाहीस.

आई : हे सांगितलंस कोर्टाला? माझ्यासमोर रडत नाही, हे?

मुलगा : ते कशाला सांगू?

आई : का नाही रडले ते सांगते. तू भरवलंस, भांडी काढलीस, खोटं बोलणार नाही, ते मी विसरायची नाही. पण दाराबाहेर फोनवर तुझं चालायचं. तुमच्या वृद्धाश्रमात किती खाटा आहेत, भेटायला कधी येता येतं, रडतात अशा पेशंटना ठेवता का. मला बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं. मला वाटायचं, याच्यासमोर रडले की हा मला नेऊन टाकेल.

मुलगा : मी फक्त चौकशी केली होती. नेलं नाही ना तुला.

आई : नाही नेलंस. मी रडले नाही म्हणून.

वकीलबाई : मावशी, पाणी घ्या थोडं.

आई : पाणी नको. अजून एक राहिलंय आणि ते मी आज सोडणार नाही. ते शेवटचे आले तो दिवस. सैल डबी होती. माझ्या हातात ठेवली, म्हणाले, हिच्यापेक्षा चांगली माझ्या बापाच्यानं झाली नसती. आणि मी म्हणाले, ढिली. आजारानंतरचा माझा पहिला शब्द. मग मी पुन्हा म्हणाले, ढिली. ते उठले, चष्मा काढला, टेबलाला धरून उभे राहिले. आणि तू दारात होतास.

मुलगा : मी आलोच होतो तेव्हा.

आई : दारात होतास. हातात औषधाची पिशवी होती. तुझ्या-माझ्यात या टेबलाएवढं अंतर होतं.

मुलगा : तू काहीतरी आवाज केलास. मला तो शब्द वाटला नाही.

आई : माझ्याकडे बघून बोल.

वकीलबाई : बंदीचा अर्ज त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा आहे. त्यात लिहिलंय, आई एकही शब्द उच्चारू शकत नाही आणि या भेटींमुळे तिची सुधारणा खुंटली आहे. शपथेवर.

मुलगा : मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका.

आई : त्या मध्येच आहेत. दुरुस्तीला टाकलेलं मशीन न्यायला आल्या, दुकान बंद बघून घरी आल्या, म्हणून मी आज माणसात आहे. तुझ्या बंदीनंतर पुढचा शब्द यायला मला किती महिने लागले? बोल. ढिलीनंतर माझ्या तोंडून काय निघालं आणि कधी निघालं, आठवतं का तुला? कारण त्यानंतर घरात मला चिडवायला कोणी उरलं नव्हतं.

(बाहेर कोणीतरी शटर उघडं बघून डोकावतं आणि निघून जातं.)

मुलगा : ऐकलं होतं.

आई : काय?

मुलगा : ढिली. दोन्ही वेळा ऐकलं. मी तीन महिने तुझ्यासमोर बसून आई म्हण, आई म्हण करत होतो. लहान मुलासारखं. आणि तू बोललीस ती त्याच्याशी. मी पिशवी तिथेच ठेवली आणि खाली उतरलो. त्या दिवशी मी काहीही केलं असतं. कोर्ट जवळ होतं.

आई : असं आहे तर.

मुलगा : आता मार पाहिजे तर. एक हात चालतो ना.

आई : मारून काय होणार. तू काय आता मार खायच्या वयाचा आहेस? आणि मला इतका राग आलाय की तो या हातात मावायचा नाही. तू माझं तोंड बंद केलंस. आजारानं केलं होतं ते उघडायला लागलं होतं, आणि तू पुन्हा बंद केलंस. आजाराला तरी मी कोण ते माहीत नव्हतं.

वकीलबाई : मी बाहेर थांबू का?

आई : नाही. तुमच्याकडे कागद आहे ना कोरा? काढा. हा लिहिणार आहे.

मुलगा : आणि नाही लिहिलं तर? काय करशील? हेही नातं रद्द करून घेशील कोर्टातून?

आई : नाही. मुलगा आहेस, जेवायला येशील, वाढेन. माझ्या ताटातलं वाढेन. पण मी तुझ्याशी आजारात बोलत नव्हते ना, तशीच बोलणार नाही. आणि या वेळी मला बोलता येत असेल.

मुलगा : पेन द्या, मॅडम.

वकीलबाई : घ्या. मी सांगते तसं लिहा, मग टाइप करून आणते. वरती अर्जदार म्हणून तुमचं नाव, वय, धंदा. मी शपथेवर सांगतो की.

मुलगा : की.

वकीलबाई : सदर गृहस्थांच्या भेटींमुळे माझ्या आईस भीती अथवा त्रास होत नव्हता. उलट त्या भेटींच्या काळात तिने बोलण्यास सुरुवात केली होती.

मुलगा : होती. पुढे.

वकीलबाई : याबाबत मी पूर्वी केलेले निवेदन चुकीचे होते. सबब अर्ज मागे घेण्याची परवानगी मिळावी.

मुलगा : चुकीचे होते.

आई : थांब. चुकीचे काय?

वकीलबाई : मावशी, कोर्टाला एवढं पुरतं. चुकीचे म्हटलं की गैरसमज झाला होता असा अर्थ होतो, मग कोणी खोलात शिरत नाही. खोटं म्हटलं तर जज यांना झापतील, दंडही करतील. माझ्या पक्षकार तुम्ही आहात, तरी यांच्या भल्याचं सांगतेय मी.

आई : चूक म्हणजे माप हुकणं. माप हुकलं तर माणूस परत कापून देतो. यानं मापून कापलंय.

मुलगा : आई, माझी नोकरी आहे.

आई : मला माहीत आहे. फी भरून मीच शिकवलंय त्या नोकरीपर्यंत. काय लिहायचं ते तू ठरव. आता मी तुझी पालक नाही, आणि तू माझा नाहीस.

वकीलबाई : घाई नको. विचार करा. उद्या दिलं तरी चालेल.

मुलगा : नको. उद्या मी यायचो नाही, मला मी माहीत आहे. खाडाखोड चालेल का?

वकीलबाई : कच्चाच आहे. खोडा.

मुलगा : खोडलं. खोटे होते. आणि खाली आणखी एक ओळ लिहिलीय. तो शब्द मी स्वतः ऐकला होता, अशी. जज काय म्हणायचे ते म्हणू देत. बघून घ्या, मॅडम.

वकीलबाई : बघितलं. हे मी लिहायला सांगितलं नसतं. उद्या सकाळीच दाखल करते.

मुलगा : वाचून दाखवू, आई?

आई : मला काय वाचतोस, मी तिथेच होते. त्यांना वाचून दाखव. तुला त्यांच्याकडे जायची बंदी नाही. आत्ता जा, या वेळी ते वर्कशॉपमध्येच असतात. आणि लेथ चालू असेल, हळू वाचशील तर ऐकू जायचं नाही.